जुना कॅमेरा विकून नवा घ्यायचा, पण नेमकं काय विकायचं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर भलतीकडे जायला नको. तुमच्याकडे निकॉनचा डी७१०० हा डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा आहे. त्याच्यासोबत मिळालेली १८-१०५ लेन्स, एक ५० मिमी एफ/१.८डी (एफपुढचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त प्रकाश घेते), ७०-३०० व्हीआर, आधीच्या कॅमेऱ्याबरोबर आलेली ५५-२०० आणि एसबी-७०० फ्लॅश. मुलीचे नृत्याचे कार्यक्रम आणि अधूनमधून पक्षी, एवढंच तुमचं काम. तक्रारी दोन: हॉलमधले फोटो दाणेदार येतात, आणि फोकस डोळ्यांवर बसत नाही. बेत असा, की हे सगळं एकगठ्ठा विकायचं, वर थोडी पदरमोड करायची आणि निकॉनचाच झेड६ टू हा मिररलेस, म्हणजे बिनआरशाचा कॅमेरा त्याच्या २४-७० एफ/४ लेन्ससकट घ्यायचा. शेवटी तुम्ही विचारलंय, "अजून चार पैसे येताहेत तोवर काढून टाकावं, की थांबावं?"

माझं मत: बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, इतक्यात विकू नका. ५५-२०० आणि फ्लॅश विका, त्या पैशांत थोडी भर घालून सेकंडहँड ८५ मिमी एफ/१.८जी घ्या, आणि डी७१००चं फोकस एकदा नीट जुळवून घ्या. त्यावर दोन-तीन कार्यक्रम काढा. तरीही अडलं तर बॉडी बदला, तेव्हा मी आडवी येणार नाही. हे वाचून थोडं हिरमुसायला झालं असेल, पण यामागचा हिशेब पाहा.

डी७१०० आला २०१३ साली, २४.१ मेगापिक्सेलचा. झेड६ टू आला २०२० साली, २४.५ मेगापिक्सेलचा. म्हणजे फोटोतल्या बारकाव्यांच्या बाबतीत सात वर्षांत तुमच्या पदरात जवळपास काहीच पडत नाही. खरा फरक सेन्सरच्या आकाराचा. झेड६ टूचा सेन्सर मोठा, फुल फ्रेम; त्याचं क्षेत्रफळ तुमच्या लहान, क्रॉप सेन्सरच्या साधारण २.३ पट, म्हणजे प्रकाशाच्या भाषेत एका स्टॉपपेक्षा थोडं जास्त (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). शिवाय सेन्सर नव्या पिढीचा, त्याचं थोडं वेगळं धरा. डी७१००च्या रॉ फाइलमधली (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या फोटोतली) गडद सावली फार उपसली की आडव्या रेघा दिसायला लागतात, ते दुखणं नव्यात बरंच कमी. हे सगळं मान्य.

आता लेन्सकडे या. लहान सेन्सर चित्राचा मधलाच भाग घेतो, म्हणून तुमची ५० मिमी क्रॉप सेन्सरवर ७५ मिमीसारखी दिसते. नव्या कॅमेऱ्यावर २४-७० पूर्ण पुढे नेली की ७० मिमी. चौकट जवळपास तीच. पण एक एफ/१.८ला प्रकाश घेते आणि दुसरी एफ/४ला. हा फरक सव्वादोन स्टॉपच्याही वरचा, जवळजवळ पाचपट प्रकाश. मोठ्या सेन्सरचे २.३ पट त्यातून वळते केले तरी जुनी जोडी दुपटीनं पुढे राहते. नव्या पिढीचा फायदा सढळ हातानं धरला, तर फार तर बरोबरी होईल. म्हणजे सगळं विकून, वर पैसे घालून, त्याच हॉलमध्ये त्याच चौकटीचे तितकेच दाणेदार फोटो. ज्या तक्रारीसाठी हा सगळा खटाटोप, ती जशीच्या तशी.

तुम्ही म्हणाल, ५० मिमी वापरतच कोण, मी मागच्या रांगेत असतो, ७०-३०० लावून. बरोबर, आणि दाणे तिथूनच येतात. ती लेन्स ८५ मिमीच्या आसपास एफ/४.५ देते, टोकाला ५.६. नाचणारी मुलगी गोठवायची तर शटर १/५०० सेकंद हवं. स्टेजवर प्रकाश बेताचा, म्हणून कॅमेरा आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता; ती वाढली की दाणे वाढतात) ६४०० किंवा त्याच्यावर चढवतो. त्याच जागी, त्याच शटरला ८५ एफ/१.८ लावली तर प्रकाश सहापटीहून जास्त मिळतो आणि आयएसओ १०००च्या घरात उतरतं. ६४०० आणि १००० या दोन फोटोंमधला फरक बघायला तज्ज्ञ लागत नाही. ८५ तुमच्या बॉडीवर १२७ मिमीसारखी दिसेल. चौथ्या-पाचव्या रांगेतून एक नर्तकी गुडघ्यांपासून वर व्यवस्थित बसते. मागे बसून चालणार नाही, एवढी एक अट.

झेड६ टूच्या बॉडीत स्टॅबिलायझेशन आहे, ते इथे कामाला येईल असं बऱ्याच जणांना वाटतं. ते आपला हात स्थिर करतं. नाचणाऱ्याचा पाय नाही.

आणि पक्ष्यांचं काय? ३०० मिमी तुमच्याकडे आज ४५० मिमीसारखी दिसते. नव्या बेतात तुमचा पल्ला ७० मिमीवर संपतो. याबद्दल तुमच्या प्रश्नात एक ओळही नाही, म्हणून मला खात्री आहे की हा हिशेब झालेलाच नाही. झेड६ टू डोळे ओळखतो ते माणसांचे आणि कुत्र्या-मांजरांचे. पक्षी त्याच्या यादीत नाहीत. पक्ष्यांपुरतं बोलायचं तर हे अपग्रेड नसून आगीतून फुफाट्यात आहे.

दुसरी तक्रार फोकसची. इथे मात्र मिररलेसची बाजू खरोखर भक्कम आहे, पण आधी तुमच्या कॅमेऱ्याला एक संधी द्या. डीएसएलआरमध्ये फोकस मोजणारा सेन्सर वेगळ्या जागी, आरशाच्या खाली बसलेला असतो. तिथे मोजलेलं अंतर आणि प्रत्यक्ष फोटो घेणाऱ्या सेन्सरपर्यंतचं अंतर यांत केसाइतका फरक पडला तरी एफ/१.८ला डोळ्याऐवजी कान तीक्ष्ण येतो. प्रत्येक बॉडी-लेन्स जोडीचा हा फरक निराळा. तपासायला अर्धा तास पुरतो. कॅमेरा ट्रायपॉडवर लावा. दोन-अडीच मीटरवर एक पट्टी तिरकी टेकवून ठेवा, तिच्या मधल्या आकड्यापाशी सपाट छापील पुठ्ठा कॅमेऱ्याकडे तोंड करून उभा करा. लेन्स पूर्ण उघडी. आधी लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर बघून, पुठ्ठ्यावर फोकस करून एक फोटो, मग व्ह्यूफाइंडरमधून फोकस करून पाच-सहा. दर वेळी फोकस मुद्दाम आधी हलवून घ्यायचा. लाइव्ह व्ह्यूचा फोटो तीक्ष्ण आणि व्ह्यूफाइंडरचे सगळे एकाच बाजूला सरकलेले दिसले, तर कॅमेऱ्याच्या सेटअप मेन्यूत एएफ फाइन-ट्यून आहे. उणे २० ते अधिक २० अशी सोय. दोन-दोन पावलं सरकवत जा. व्ह्यूफाइंडरचे फोटो कधी पुढे, कधी मागे असे विखुरलेले असतील तर मात्र फाइन-ट्यूननं काही होणार नाही. मग दोष तुमच्या फोकस-पॉइंटच्या निवडीत आहे किंवा लेन्समध्ये.

माझ्या अनुभवात 'कॅमेरा फोकस करत नाही' म्हणून विकायला काढलेल्या डीएसएलआरपैकी कित्येक या अर्ध्या तासात बऱ्या होतात. मी स्वतः एका ८५ मिमीला उणे ८वर आणून ठेवलं आणि पुढची चार वर्षं ती माझी सगळ्यात विश्वासू लेन्स होती. त्याआधी वर्षभर मी तिला शिव्या घालत होते, ते वेगळं.

एवढं करूनही नवा कॅमेरा कुठे सरस ठरेल? डोळा ओळखून धरून ठेवणं, हे एक. आवाज न करता फोटो काढणं, हे दुसरं. शांत नृत्यात आरशाचा खटका पुढच्या रांगेला ऐकू जातो. (पूर्ण निःशब्द शटर एलईडी दिव्यांखाली फोटोत पट्टे आणू शकतं आणि वेगात फिरणारा हात वाकडा करू शकतं, हेही लक्षात ठेवा.) तिसरं, सलग फोटो. डी७१०० उत्तम प्रतीच्या रॉमध्ये सहा-सात फोटोंनंतर धापा टाकतो, आणि गिरकीचा नेमका क्षण बरेचदा आठवा असतो. म्हणून म्हटलं, पुढे कधी बॉडी बदललीत तर मी आडवी येणार नाही. फक्त त्या वेळी तुमच्या हातात ८५ असेल, आणि ती एएफ-एस जातीची, म्हणजे स्वतःची फोकस मोटर असलेली असल्यानं एफटीझेड अडॅप्टरवर (जुन्या निकॉन लेन्स झेड कॅमेऱ्याला जोडणाऱ्या सांध्यावर) फोकससकट चालेल. आज घेतलेली लेन्स उद्याच्या कॅमेऱ्यालाही कामाला येणार.

इथेच तुमच्या ५० मिमीची गोष्ट. तिच्या नावातला 'डी' महत्त्वाचा. या लेन्समध्ये फोकसची मोटर नसते. बॉडीतली मोटर एका छोट्या स्क्रूनं ती फिरवते. डी७१००मध्ये ती मोटर आहे. एफटीझेडमध्ये नाही, एफटीझेड टूमध्येही नाही. झेड बॉडीवर ही लेन्स हातानंच फोकस करावी लागेल. म्हणजे बॉडी विकाल तेव्हा ही लेन्सही तिच्याबरोबरच गेलेली बरी. ७०-३०० व्हीआर एएफ-एस आहे, ती ठेवा. झेड६ टू घेतल्यावर पक्ष्यांसाठी तेवढाच आधार.

कॅननवाल्यांचं याबाबतीत बरं आहे. ईएफ माउंट (माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला बसते ती जोडणी) १९८७ला आलं तेच लेन्समध्ये मोटर घेऊन, त्यामुळे जुन्या लेन्स अडॅप्टर लावून २०१८च्या आरएफ माउंटवर बिनबोभाट चालतात. निकॉनचं एफ माउंट १९५९चं. इतक्या वर्षांच्या संसारात नात्यागोत्याचे गुंते व्हायचेच. खरी अडचण झाली ती वाटेतच बंद पडलेल्या माउंटवाल्यांची. कॅननचं ईएफ-एम घ्या. त्याच्या लेन्स सेन्सरपासून १८ मिमीवर बसतात आणि आरएफ माउंट आहे २० मिमीवर. अडॅप्टरला जागाच नाही. लेन्स आत घुसवावी लागेल. निकॉन १ किंवा सॅमसंग एनएक्स ज्यांच्याकडे आहे त्यांनाही पुढचा रस्ता नाही. अशा कुणी मला विचारलं तर मी सरळ सांगते: वापरत असाल तर मोडेपर्यंत वापरा, नसाल तर याच आठवड्यात विका. तुमच्या सामानाला तशी घाई नाही. डीएसएलआर लेन्सच्या किमती उतरल्या आहेत हे खरं, पण मोठी घसरण होऊन गेलेली आहे. सहा महिने थांबल्यानं तुमच्या हातातून फार काही जाणार नाही.

बॉडी आणि लेन्स एकाच वेगानं म्हाताऱ्या होत नाहीत. बॉडी हा संगणक आहे. पुढचं मॉडेल जाहीर झाल्या दिवशी तिचा भाव पडतो. चांगली लेन्स हे भिंग आहे, ते दहा वर्षांत फारसं जुनं होत नाही. त्यातही किट लेन्सला, म्हणजे कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या लेन्सला, एकटीला गिऱ्हाईक नाही. १८-१०५ सुटी विकायला काढाल तर हातात येईल ते मनाला लागेल. बॉडीला लावून विकाल तर तिच्यामुळे बॉडी लवकर जाते. म्हणून पुढेमागे विकायची वेळ आलीच तर डी७१००, १८-१०५ आणि ५०डी असा एक संच करा. नव्यानं शिकणाऱ्याला तेवढ्यात सगळं मिळतं, आणि मोटरवाल्या बॉडीवर ५०डी खरंच छान चालते.

आता 'पदरमोड' या शब्दाकडे. तुम्ही नव्या बॉडी-लेन्सची किंमत धरलीत आणि त्यातून जुन्याची वजा केलीत. मधल्या गोष्टी राहिल्या. एफटीझेड अडॅप्टर. झेड६ टूचा पहिला स्लॉट सीएफएक्सप्रेस किंवा एक्सक्यूडी कार्डाचा, ते कार्ड आणि त्याचा रीडर. (दुसरा स्लॉट एसडीचा आहे, त्यामुळे पहिले काही महिने तुमच्या जुन्या कार्डांवर निभावेल.) बॅटरीच्या बाबतीत नशीब चांगलं: तुमची ईएन-ईएल१५ त्यात चालते, फक्त कॅमेऱ्यातच यूएसबीनं चार्ज होत नाही, त्यासाठी चार्जर लागतो.  आणि संगणकावर अजून लाइटरूम ६ हा फोटो संपादनाचा प्रोग्राम वापरत असाल तर ते झेड६ टूची रॉ फाइल उघडणार नाही. त्याचे अपडेट २०१७लाच थांबले. अडोबीच्या मोफत डीएनजी कन्व्हर्टरनं फाइल बदलून घेता येतात, पण दर कार्यक्रमाला ती एक जादा पायरी. या सगळ्याची बेरीज मांडा. ती जुन्या सामानाच्या विक्रीतून येणाऱ्या रकमेच्या निम्म्यावर गेली, तर विक्रीनं नवा कॅमेरा नाही घेतला, नव्याचा लवाजमा घेतला.

विकायचं ठरवण्याआधी एक काम मात्र कराच, आणि ते अंदाजानं नको. तुमच्या संगणकावरच्या फोटोंच्या कॅटलॉगमध्ये गेल्या दोन वर्षांचे फोटो लेन्सनुसार चाळा. सगळे नाहीत. ज्यांना तुम्ही तारा दिलात, छापलेत, कुणाला पाठवलेत, फक्त तेवढेच. मग कोणत्या लेन्सचे किती ते बघा. एका ओळखीच्या गृहस्थांना मी हे करायला लावलं. त्यांना विकायची होती जुनी मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायची लेन्स), 'वापरतच नाही' म्हणून. एकूण फोटोंत तिचा वाटा शंभरात चार. पण भिंतीवर लावलेल्या अकरा फोटोंपैकी पाच तिचे. मॅक्रो राहिली, रुंद कोनाची झूम गेली. तुमच्या बाबतीत ५५-२०० शून्यावर असणार, कारण ७०-३०० आल्यावर तिला काही कामच उरलेलं नाही. फ्लॅश तुम्ही वर्षात दोनदा वापरलात असं लिहिलंय. हॉलमध्ये तो चालत नाही, पक्ष्यांना लागत नाही. ही दोन खरी अडगळ. डी७१०० जुना आहे, पण अडगळ नाही. तुमचे सगळे फोटो त्याचेच आहेत.

माझी स्वतःची चूक सांगते. मी एकदा ८०-२०० एफ/२.८ विकली, जुन्या धाटणीची, वजनदार, रंग उडालेली. नवी बॉडी घ्यायची होती आणि बेरीज जमत नव्हती. नव्याची नवलाई नऊ दिवस टिकली. दहाव्या दिवशी स्टेजचं काम आलं आणि माझ्याकडे कॅमेरा नवा, पण एफ/२.८चं लांब भिंग नाही. तीन महिने भाड्यानं लेन्स आणली, शेवटी तशीच एक सेकंडहँड घेतली, आधी मिळालेल्या पैशांच्या दीडपट देऊन. तिच्या मागच्या भिंगावर ओरखडाही होता. त्या दिवसापासून मी एक करते: विकण्याआधी ती वस्तू डब्यात घालून, चिकटपट्टी लावून महिनाभर बाजूला ठेवते. महिन्यात चिकटपट्टी फाडावी लागली तर ती विकायची नाही. तुमची ५५-२०० आणि फ्लॅश आजच डब्यात टाका; तोवर ८५चा शोध घ्या.

बाजारात उतरण्याआधी वस्तू स्वतः गिऱ्हाइकाच्या नजरेनं तपासा. अंधाऱ्या खोलीत लेन्सची दोन्ही झाकणं काढा, मागून टॉर्च तिरका धरा आणि समोरून बघा. सरळ नाही, तिरकं. धुळीचे कण चमकतील, त्यांनी घाबरू नका. दहा वर्षांच्या झूममध्ये धूळ नसेल तर नवल. बघायची ती बुरशी: कडेपासून आत येणारे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक, फांद्या फुटलेले धागे. दमट कपाटात, कातडी पिशवीत, वर्षानुवर्षं न वापरलेल्या लेन्सला ती धरते. सापडली तर जाहिरातीत लिहा आणि फोटो टाका. लपवलीत तर समोरचा टॉर्च घेऊनच येणार आहे. सगळ्या भिंगावर एकसारखा धुरकट पडदा दिसला तर तो वेगळा प्रकार, त्यानं फोटोंचा कॉन्ट्रास्ट जातो. त्याचीही किंमत कमी होते. मग अ‍ॅपर्चर. म्हणजे प्रकाश कमी-जास्त करणारी पाती. लेन्सच्या मागच्या बाजूला छोटी दांडी असते, बोटानं हलकेच हलवून सोडा. पाती खटकन परत यायला हवीत. आळसावल्यासारखी आली तर त्यांवर तेल उतरलंय. ८५ घ्यायला जाल तेव्हाही हेच सगळं करा, लाजू नका. आणि ती मिळाल्यावर वर सांगितलेली पट्टीची तपासणी तिच्यासाठीही पहिल्याच दिवशी, कारण फाइन-ट्यूनचा आकडा प्रत्येक लेन्सचा वेगळा.

बॉडी विकायची वेळ येईल तेव्हा पहिला प्रश्न असेल शटर काउंट, म्हणजे शटर आजवर किती वेळा उडालं. निकॉन तो आकडा फोटोच्या फाइलमध्येच लिहून ठेवतो. ताजा, न बदललेला फोटो एक्झिफटूल या संगणकावरच्या प्रोग्राममध्ये उघडला की दिसतो. डी७१००चं शटर दीड लाख वेळांसाठी तपासलेलं आहे. हा आकडा म्हणजे एक्सपायरी डेट नव्हे. काही त्याच्या आधीच जातात, काही दुप्पट चालतात. पण गिऱ्हाईक त्या आकड्यावरच घासाघीस करणार, म्हणून तुम्हीच आधी सांगा. सेन्सरची धूळ बघायला एफ/१६वर पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आकाशाचा फोटो काढा, फोकस मुद्दाम घालवून. काळे ठिपके दिसले तर आधी साफ करून घ्या.

आणि कॅमेऱ्यातून स्वतःचं नाव पुसा. गंमत वाटेल, पण मी विकलेल्या एका बॉडीच्या मेन्यूत कॉपीराइटच्या रकान्यात माझं नाव तसंच राहिलं होतं. दीड-दोन वर्षांनी एका अनोळखी माणसाचा निरोप आला: तुम्ही काढलेला आमच्या कुत्र्याचा फोटो फार आवडला. मी त्यांचा कुत्रा जन्मात पाहिलेला नव्हता. नव्या मालकानं काढलेल्या प्रत्येक फोटोवर माझी सही जात होती. साधं रीसेट केल्यानं ते नाव जातंच असं नाही, त्या रकान्यात जाऊन मोकळं करून या. कार्ड सोबत देऊच नका. फॉरमॅट केलेल्या कार्डातूनही फोटो परत काढता येतात.

विकायचं कुणाला? दुकानात बदली दिलीत तर भाव कमी मिळणारच. दुकानदाराला ती वस्तू तपासायची, सांभाळायची, वर वॉरंटी द्यायची असते. त्या बदल्यात तुमचं काम एका दिवसात होतं आणि महिन्यानं 'कॅमेरा बंद पडला' असा फोन येत नाही. थेट माणसाला विकाल तर जास्त मिळेल, पण दहा जण विचारतील, तीन जण येतो म्हणतील आणि एक येईल. ५५-२०० स्वस्तातली लेन्स, तिच्यासाठी एवढी उठबस करू नका, दुकानात देऊन मोकळे व्हा. फ्लॅश मात्र थेट विका. निकॉनच्या असल्या फ्लॅशला मागणी टिकून असते, आणि तुमच्याकडे त्याचा मूळ डबा, रंगीत फिल्टर, छोटं स्टँड असेल तर बघणाऱ्याचा विश्वास बसतो. दुसऱ्या कंपनीच्या बॅटऱ्या, पट्टे, काचेची संरक्षक फिल्टरं यांचे पैसे कुणी देत नाही. ते हिशेबात धरूच नका, खुशीनं देऊन टाका.

एक शक्यता राहिली. तुम्हाला कोणी डी७१०० संचाला खरोखर चांगला भाव देऊ केला तर? तेव्हाही मी आधी झेड६ टू दोन दिवस भाड्यानं घ्यायला सांगेन, आणि ते दोन दिवस कार्यक्रमाचेच असू देत. घरात खिडकीजवळ काढलेल्या फोटोंत प्रत्येक नवा कॅमेरा सुंदरच दिसतो. शेजारी डी७१००वर ८५ लावून त्याच नृत्याचे फोटो काढा. घरी येऊन दोन्हींतले ठेवण्यासारखे किती, ते मोजा. डोळ्यांवरच्या फोकसमुळे नव्याचे दुपटीनं निघाले तर मी हरले. विका आणि घ्या. पण घेताना २४-७०च्या मोहात पडू नका. नुसती बॉडी आणि अडॅप्टर, पुढे तुमचीच ८५, पक्ष्यांना ७०-३००. २४-७० एफ/४ प्रवासाला फार गोड लेन्स आहे, अंधाऱ्या हॉलला नाही.

आणि तो फ्लॅश डब्यात टाकण्याआधी त्यातले चार सेल काढा. अल्कलाइन सेल महिनोन्‌महिने पडून राहिले की गळतात, आणि हिरवट पांढरी पूड धरलेले संपर्क पाहून गिऱ्हाईक दारातूनच परत जातं.